विकतचे पंख : परदेशी लढाऊ विमानांवरच्या भिस्तीचा आढावा

वाद कशाचा आहे

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो मिग-२१ बांधण्यासाठी. पुढे तिथे मिग-२७ झाली, सुखोई-३० एमकेआय झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथेच बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. मिग आणि सुखोईचे आराखडे रशियन. तेजसचा आराखडा आपला, पण इंजिन अमेरिकन. सगळी बांधली गेली नाशिक जिल्ह्यात, तरी यांतले एकही पूर्णपणे आपले म्हणता येत नाही. ‘परदेशी’ आणि ‘स्वदेशी’ अशी दोन खाती करून चालणारी आपली चर्चा इथेच अडखळते.

२०२५ या एका वर्षात हा विषय चारी बाजूंनी समोर आला. फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी भारताला एफ-३५ देऊ केले. मार्चमध्ये त्याच एफ-३५ च्या भरवशावरून युरोपात काहूर उठले. एप्रिलमध्ये आपण नौदलासाठी २६ राफेल घेण्याचा सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा करार केला. आणि २६ सप्टेंबरला चंडीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर हवाई दलाकडे मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या. दुसऱ्या देशाच्या विमानांवर विसंबण्यात धोका नेमका कुठे आहे आणि तो कमी करायची किंमत किती, या दोन प्रश्नांवर आजवर काय म्हटले गेले आणि काय घडले, त्याचा हा आढावा.

इथवर कसे आलो

विमानांच्या बाबतीत आपण सुरुवातीपासूनच गाफील होतो असे कुणी म्हणत असेल तर ते खरे नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बेंगळुरूत विमानांचा कारखाना काढला तो १९४० मध्ये. स्वातंत्र्यानंतर हवाई दलात ब्रिटिश व्हॅम्पायर आणि हंटर, फ्रेंच ऊरागां (आपण त्याला तुफानी म्हटले) आणि मिस्टेअर अशी विमाने आली. नॅट तर बेंगळुरूत परवान्यावर बनू लागले. पण त्याच काळात स्वतःचे लढाऊ विमान बनवण्याचा प्रयत्नही चालू होता. त्याची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आजच्या वादातले जवळजवळ सगळे मुद्दे तिच्यात सापडतात.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी फोके-वुल्फ १९० बनवणारे कुर्त टांक १९५६ मध्ये बेंगळुरूला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले एचएफ-२४ मरुत १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडाले. युरोप, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या बाहेर एखाद्या देशाने जेट लढाऊ विमान उभे करणे त्या काळी दुर्मीळच होते. सांगाडा उत्तम होता. कमी पडले ते इंजिन. मरुतची रचना ज्या अधिक ताकदीच्या ब्रिटिश ऑर्फियस इंजिनावर बेतली होती, ते पूर्ण विकसित करायला ब्रिटिश कंपनीला भारताकडून पैसा हवा होता आणि दिल्लीने तो दिला नाही. मग शोधाशोध सुरू झाली. इजिप्तने विकसित करायला घेतलेले इंजिन एका मरुतमध्ये बसवून तिकडे त्याच्या चाचण्याही झाल्या, पण तो मार्गही मिटला. शेवटी हाताशी असलेल्या कमी ताकदीच्या इंजिनांवरच मरुत उडत राहिले. एकूण १४७ विमाने बनली. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी चांगली कामगिरीही केली, पण ज्या वेगासाठी ती जन्माला आली होती तो त्यांना कधीच गाठता आला नाही.

दरम्यान पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळाली आणि तोडीस तोड विमान ताबडतोब हवे झाले. पाश्चात्त्य देश हात आखडते घेत असताना सोव्हिएत संघाने मिग-२१ देऊ केले, तेही भारतात बांधण्याच्या परवान्यासह. १९६३ मध्ये पहिली मिग आली आणि पुढची तीन-साडेतीन दशके हवाई दलाचा कणा सोव्हिएत राहिला. तेव्हाच्या परिस्थितीत हा निर्णय चुकीचा होता असे आजही फारसे कुणी म्हणत नाही. मरुतच्या इंजिनासाठी हात आखडता घेतला गेला, त्याबद्दल मात्र जाणकार अजून हळहळतात.

धोका कुठे कुठे असतो

पहिला आणि सर्वांना ठाऊक असलेला धोका राजकीय. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांनाही शस्त्रे देणे थांबवले. आपल्याकडे अमेरिकन सामग्री फारशी नसल्याने फटका पाकिस्तानला जास्त बसला. पंचवीस वर्षांनी तो पुन्हा बसला. १९९० मध्ये पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमावरून अमेरिकी कायद्यातल्या प्रेसलर दुरुस्तीचा बडगा उगारला गेला आणि पाकिस्तानसाठी तयार असलेली २८ एफ-१६ विमाने ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. पैसे आगाऊ घेतलेले होते. तडजोड झाली १९९८ मध्ये. काही रक्कम परत मिळाली, आणि उरलेल्यातल्या काही भागाची भरपाई चक्क गव्हासारख्या मालातून झाली.

इस्रायलचा अनुभव याहून बोलका आहे. १९६७ मध्ये फ्रान्सने ५० मिराज-५ विमाने रोखून धरली, त्यांचेही पैसे चुकते झाले होते. इस्रायलने मिराजच्याच धर्तीवर स्वतःचे विमान बांधायला घेतले, त्यातून क्फिर उभे राहिले आणि त्यात अमेरिकन जे-७९ इंजिन बसवले. विमान उत्तम झाले. पण १९७७ मध्ये ते इक्वेडोरला विकायची वेळ आली तेव्हा कार्टर प्रशासनाने इंजिनाच्या जोरावर तो सौदा अडवला. पॅरिसच्या हातातली नाडी सुटली होती आणि वॉशिंग्टनच्या हातात गेली होती. तेजसच्या निर्यातीची स्वप्ने रंगवताना या प्रसंगाची आठवण आपल्याकडे क्वचितच कुणी काढते.

आपल्याला असा झटका १९९८ मध्ये बसला. पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. हलक्या लढाऊ विमानाच्या, म्हणजे पुढच्या तेजसच्या, उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवण्यात आले आणि त्यांची सामग्री तिकडेच अडकली. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टर ब्रिटिश बनावटीची, पण आतल्या अमेरिकन भागांमुळे तीही सुट्या भागांसाठी खोळंबली. अभियंत्यांनी नियंत्रण प्रणाली भारतात पुन्हा उभी केली आणि ४ जानेवारी २००१ रोजी विमान उडाले. निर्बंधांनी आपल्याला शहाणे केले असा या घटनेचा अर्थ लावला जातो. तो बराचसा योग्यही आहे. फक्त त्या उड्डाणात अमेरिकेचेच एफ-४०४ इंजिन होते, हे सांगायचे राहून जाते.

दुसरा धोका राजकारणाचा नाही, कारखान्यांचा आहे, आणि माझ्या मते चर्चेत त्याला कमी जागा मिळते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हा भारताशी कुणाचे वैर नव्हते. पण एकाच विमानाचे भाग बनवणारे कारखाने एका रात्रीत वेगवेगळ्या देशांत गेले आणि सुट्या भागांची टंचाई अनेक वर्षे टिकली. एएन-३२ मालवाहू विमानांच्या सुधारणेचा करार आपण २००९ मध्ये युक्रेनशी केला. २०१४ मध्ये क्रिमियाचा प्रश्न पेटला आणि ते काम रेंगाळले. २०२२ च्या युद्धानंतर एक मोठा रशियन पुरवठा वेळेवर होणार नाही, असे हवाई दलाने संसदीय समितीला सांगितले.

यातले सगळ्यांत ताजे उदाहरण तेजसचेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ मार्क-१ए विमानांचा करार झाला. पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत मिळायचे होते. जनरल इलेक्ट्रिककडे ९९ इंजिनांची मागणी ऑगस्ट २०२१ मध्ये नोंदवली होती. त्यातले पहिले हाती आले मार्च २०२५ मध्ये. या वेळी कुठलेही निर्बंध नव्हते, उलट दोन्ही सरकारांचे संबंध उत्तम होते. पण या जातीच्या इंजिनाची उत्पादन साखळी पाच वर्षे बंद होती, तिला पुन्हा जिवंत करावे लागले, आणि महासाथीनंतर सुट्या भागांचे पुरवठादारही विस्कळीत झाले होते. बेंगळुरूत सांगाडे तयार होत राहिले, इंजिनांचा पत्ता नव्हता. मैत्रीच्या देशाकडूनही माल वेळेवर येतोच असे नाही, एवढा धडा यातून सर्व बाजूंनी मान्य झालेला दिसतो. विमान तयार व्हायला लागलेल्या विलंबात एचएएलचा स्वतःचा वाटा किती, यावर मात्र एकमत नाही. हवाई दलप्रमुखांनी २०२५ मध्ये एचएएलबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली होती.

तिसरा धोका सॉफ्टवेअरचा. आजचे लढाऊ विमान सोर्स कोडवर चालते, आणि त्याला नवे क्षेपणास्त्र जोडायचे तर त्या कोडला हात लावावा लागतो. तो कुणाच्या ताब्यात, यावर विमान युद्धात किती उपयोगी ठरेल हे अवलंबून असते. सुखोईवर ब्रह्मोस बसवण्याचे काम एचएएलने ओझरला केले. जून २०१६ मध्ये ते विमान क्षेपणास्त्रासह उडाले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी हवेतून पहिला यशस्वी मारा झाला. परवाना उत्पादनाच्या काळात साठलेल्या ज्ञानाशिवाय हे शक्य नव्हते. राफेलवर भारतीय ‘अस्त्र’ क्षेपणास्त्र बसवायचे असेल तर दासो कंपनीचे साहाय्य आणि तिचे दर दोन्ही स्वीकारावे लागतील.

एफ-३५ च्या बाबतीत हीच शंका टोकाला गेली आहे. दूरवरून कळ दाबून विमान बंद पाडण्याची सोय त्यात आहे, ही चर्चा मार्च २०२५ मध्ये इतकी वाढली की अमेरिकेच्या एफ-३५ कार्यालयाला अशी कळ नाही असे निवेदन काढावे लागले. जाणकारांचे म्हणणे असे, की कळीची गरजच नाही. विमानाची मोहीम-माहिती, दुरुस्तीची नोंद, सुटे भाग हे सगळे अमेरिकेच्या यंत्रणेतून येत असेल, तर ते नुसते थांबवले तरी काही आठवड्यांत विमान निरुपयोगी होऊ लागते. तुर्कस्तान या कार्यक्रमात भागीदार होते, एफ-३५ चे शेकडो भाग तिथे बनत होते. रशियाची एस-४०० हवाई संरक्षण प्रणाली घेतल्यावर जुलै २०१९ मध्ये त्याला बाहेर काढण्यात आले. पुढे स्पेनने एफ-३५ चा विचार सोडून दिला आणि कॅनडाने आपल्या ८८ विमानांच्या खरेदीचा फेरविचार सुरू केला. तरीही ब्रिटन, इटली, नॉर्वे, नेदरलँड्स हे देश एफ-३५ वरच विसंबून आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

चौथा धोका पैशाचा, आणि तो संथ असतो. विमान घेताना जेवढी किंमत मोजावी लागते, तिच्याहून अधिक पुढच्या तीस-चाळीस वर्षांत देखभालीवर जाते, आणि त्या काळात विक्रेता एकटाच असतो. फ्रान्सने मिराज-२००० चे उत्पादन २००७ मध्ये थांबवले. त्यानंतर आपण ५१ मिराजच्या सुधारणेचा करार २०११ मध्ये केला, तेव्हा किमतीवर घासाघीस करायला आपल्या हातात फारसे काही नव्हते. पुढे सुट्या भागांसाठी फ्रान्सची निवृत्त मिराज विकत घेण्याची पाळी आली. जग्वार आज जगात फक्त आपल्याकडे उरले आहे. त्याच्यासाठीही इतर देशांची जुनी विमाने आणून त्यांचे भाग काढावे लागतात.

कोण काय म्हणते

स्वावलंबनाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे वरच्या इतिहासावरच उभे आहे. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याला युद्धाच्या वेळी तहान लागली तर काय, हा त्यांचा प्रश्न. परवाना उत्पादन म्हणजे स्वावलंबन नव्हे, हा त्यांचा दुसरा आणि अधिक वजनदार मुद्दा. ओझरला सुखोई कच्च्या मालापासून बांधली गेली, कोरापुटला त्याची एएल-३१ इंजिने बनतात, पण ती नव्याने रचण्याचे ज्ञान रशियाने दिले नाही. शिवाय ओझरचे सुखोई रशियाहून थेट आणलेल्या सुखोईपेक्षा महाग पडले. आराखडा बनवताना चुका करण्याचा अनुभव विकत मिळत नाही आणि तो मिळवायचा तर सुरुवातीची कमी प्रतीची विमाने हवाई दलाने पत्करली पाहिजेत, असे हा गट मानतो. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये हवाई दल आणि एचएएल यांच्यात मध्यममार्ग काढून तेजस मार्क-१ए चा पर्याय पुढे आला, त्यामागची भूमिका अशीच होती.

हवाई दलाच्या बाजूचे उत्तर रोकडे आहे. हलक्या लढाऊ विमानाचा कार्यक्रम १९८३ मध्ये मंजूर झाला आणि तेजसची पहिली स्क्वाड्रन जुलै २०१६ मध्ये उभी राहिली. या तेहतीस वर्षांत आकाश मोकळे सोडता येत नव्हते. मिग-२१ ला वयाची साठी ओलांडेपर्यंत उडवावे लागले ते परदेशी खरेदीमुळे की देशी विमान उशिरा आल्यामुळे, हा त्यांचा सवाल बोचरा असला तरी गैरवाजवी नाही. मिग-२१ च्या अपघातांत तरुण वैमानिक गेले. परावलंबनाचा धोका मोजताना रिकाम्या स्क्वाड्रनचा धोका हिशेबातून गळू नये, असे निवृत्त अधिकारी सातत्याने लिहितात. मे २०२५ च्या संघर्षात पाकिस्तानकडची चिनी जे-१० विमाने आणि पीएल-१५ क्षेपणास्त्रे समोर आल्यावर या म्हणण्याला आणखी धार आली.

तिसरी भूमिका वाटणीची: एकाकडून सगळे घेऊ नका. १९९८ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले तेव्हा फ्रान्सने लादले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी कारगिलमध्ये टायगर हिलवर लेझर-नियंत्रित बॉम्ब टाकले ते फ्रेंच मिराजने, इस्रायली लायटनिंग पॉडच्या मदतीने. मोठा ग्राहक विक्रेत्यालाही हवा असतो, त्यामुळे दोघेही एकमेकांचे बांधील होतात, असा यामागचा तर्क. त्याची किंमतही उघड आहे. सुखोई, मिराज, मिग-२९, जग्वार, राफेल, तेजस असे सहा प्रकार म्हणजे सहा प्रकारची कोठारे, सहा प्रकारचे प्रशिक्षण आणि सहा ठिकाणच्या अटी. पर्रीकरांच्या काळात सुखोईची उड्डाणसज्जता निम्म्याच्या आसपास घुटमळत होती. एकाच प्रकाराची इतकी विमाने असूनही ही स्थिती, मग तुकड्या-तुकड्यांच्या ताफ्याचे काय, असा प्रतिवाद होतो.

मला स्वतःला अधिक पटते ती अलीकडे पुढे आलेली चौथी मांडणी. सगळेच देशी हवे हा हट्ट सोडा, पण इंजिन, मोहीम-संगणक आणि शस्त्रे या तीन गोष्टी आपल्या ताब्यात आणा, असे ती सांगते. इजेक्शन सीट ब्रिटिश असली तर बिघडत नाही. ती साठवून ठेवता येते. मोहीम-संगणकाचा कोड साठवून ठेवता येत नाही. चीनचा दाखला इथे दिला जातो: त्याने आपल्या जे-१० मध्ये अनेक वर्षे रशियन इंजिने वापरली, मात्र स्वतःच्या डब्ल्यूएस-१० वर पैसा आणि माणसे ओतणे थांबवले नाही. या मांडणीवरचा आक्षेप असा, की तीन अवघड गोष्टींपैकी दोन साधल्या तरी तिसरी, म्हणजे इंजिन, पन्नास वर्षांत साधलेली नाही.

इराणचे उदाहरण सगळेच गट आपापल्या सोयीने वापरतात. शहांच्या काळात अमेरिकेने ७९ एफ-१४ दिली. १९७९ च्या क्रांतीनंतर सुटे भाग बंद झाले. विमाने काही महिन्यांत कोसळतील असा होरा होता. पण एकाचे भाग दुसऱ्याला लावत, चोरट्या मार्गांनी माल मिळवत आणि काही भाग घरी बनवत इराणने ती इराकशी झालेल्या आठ वर्षांच्या युद्धात वापरली आणि चाळीस वर्षे उडवली. अमेरिकेने आपली निवृत्त एफ-१४ मोडून भुगा करण्याचा निर्णय घेतला तो हे भाग तिकडे पोहोचू नयेत म्हणूनच. चिकाटीने निभावता येते असे यातून म्हणता येते, आणि निभावताना ताफा आक्रसत जातो असेही.

काय अनिर्णित आहे

तंत्रज्ञान हस्तांतरणाचा करारांमधला शब्द आणि प्रत्यक्षातला माल यांत अंतर किती, हा पहिला उघडा प्रश्न. हवाई दलासाठीच्या ३६ राफेलच्या करारात विक्रेत्यांनी आपल्या ऑफसेट बांधिलकीपैकी (म्हणजे कराराच्या रकमेतला ठरलेला वाटा भारतीय उद्योगात परत आणण्याच्या अटीपैकी) ३० टक्के उच्च तंत्रज्ञान देऊन फेडण्याची तयारी सुरुवातीला दाखवली होती. डीआरडीओला त्यातून कावेरी या देशी इंजिनासाठी मदत हवी होती. २०२० च्या कॅगच्या अहवालापर्यंत ती पक्की झाली नव्हती. नागपूरच्या मिहानमध्ये दासोच्या भागीदारीतल्या कारखान्यात विमानांचे भाग बनतात. रोजगार आणि कौशल्य यांसाठी ते चांगलेच आहे, पण विमानाच्या रचनेवरचा हक्क त्यातून येत नाही.

दुसरा प्रश्न निर्मात्यांच्या संख्येचा. तेजसची आणखी ९७ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये ६२,३७० कोटींना मागवली गेली. पुढच्या एएमका या अधिक प्रगत विमानासाठी मात्र सरकारने खासगी कंपन्यांनाही स्पर्धेत उतरू दिले. एचएएलची मक्तेदारी मोडल्याने वेग येईल, की साठ वर्षांचे जमलेले कसब विखुरले जाईल, यावर दोन्हीकडे ठोस युक्तिवाद आहेत आणि पुरावा अजून एकाही बाजूकडे नाही.

आणि शेवटी पुन्हा इंजिन. कावेरीला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. टर्बाइनची पाती अशा वायूत फिरतात ज्याचे तापमान त्या धातूच्या वितळण्याच्या बिंदूहून जास्त असते. ती पाती घडवणे हे मोजक्या देशांना जमलेले काम आहे. कावेरीची उड्डाणातली चाचणी घ्यायलासुद्धा ते रशियाला न्यावे लागले. हवा तेवढा रेटा मिळेना, म्हणून २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे काढण्यात आले. मधल्या काळासाठी जून २०२३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकशी एफ-४१४ इंजिन भारतात बनवण्याचा समझोता झाला, त्यात ८० टक्के तंत्रज्ञान मिळेल असे एचएएलने सांगितले. अटींची बोलणी मात्र लांबत गेली. एएमकाची पहिली विमाने याच एफ-४१४ वर उडतील. पुढच्या विमानांसाठी फ्रेंच कंपनीबरोबर इंजिन विकसित करणार असल्याचे संरक्षणमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. या भागीदारीत बौद्धिक संपदेचा हक्क कुणाकडे राहतो, पात्यांचे ओतकाम कुठे होते आणि ते इंजिन लावलेले विमान तिसऱ्या देशाला विकताना पॅरिसची परवानगी लागते का, ही तीन कलमे आता सगळ्या बाजूंचे अभ्यासक डोळ्यांत तेल घालून वाचणार आहेत.